खोरेनची क्लॅरिनेट

चर्चमध्ये आशीर्वाद मिळाल्याशिवाय नव्या हंगामाच्या द्राक्षाचा मणी तोंडात टाकायचा नाही, हा नियम अराक्सी अजून पाळत होती, आणि तेही चाळीस एकरांचा मळा दारात असताना. त्या रविवारी आर्मेनियन चर्चमधून आणलेली आशीर्वादाच्या द्राक्षांची कागदी पुडी तिनं टेबलाच्या मधोमध उघडली, प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन मणी ठेवले, आणि मगच बुलगूरचं, गव्हाच्या दलियाचं, पातेलं बाहेर आणलं.

अराक्सीच्या नवऱ्याला, खोरेनला, माती देऊन आल्यावर याच टेबलाभोवती सगळे बसले होते, त्याला आता तीन वर्षं झाली होती. त्यानंतर आजच. खोरेनची थोरली बहीण सातेनिग तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. काझांजियान कुटुंबाच्या कुठल्याही जेवणात कुणाचा आवाज चढला की ती तिथून चटकन उठे, कुणाच्या ताटात काही वाढे, कुणाला ताक देई, आणि बोलणं दुसरीकडे वळवी. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी उठणं पूर्वीसारखं चटकन होत नव्हतं, पण खुर्ची तिनं सोडली नव्हती.

समोर तिचा थोरला भाऊ ओनिग बसला होता. लॉस एंजेलिसहून मुलगा आरा त्याला गाडीनं घेऊन आला होता. ओनिग काझांजियान हे नाव सिनेमाचं संगीत ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. घरी सिनेमाच्या बक्षिसांच्या दोन सोनेरी बाहुल्या, आणि इथे फ्रेझ्नोत बेकरीच्या भिंतीवर त्याचा फोटो. आता शहाऐंशीव्या वर्षी हात थरथरायचे, आणि दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं होती. अराक्सी त्याला द्राक्षाच्या पानांच्या भरल्या गुंडाळ्या वाढत होती, पण अदबीनं, पाहुण्याला वाढावं तसं. धाकट्या भावाची बायको असूनही गेल्या कित्येक वर्षांत ती त्याच्याशी कामापलीकडे बोललेली सातेनिगला आठवत नव्हतं.

जमायचं कारण जुनं होतं. ओनिगनं साठ-सत्तर सिनेमांना संगीत दिलं, त्यातला एक १९७३ सालचा, याच भागातल्या द्राक्षमळ्यांवर घेतलेला. आठवडाभरही चालला नाही. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, ‘तो मळ्यांचा सिनेमा’ एवढंच म्हणत. यंदा एका संस्थेनं त्याची प्रत दुरुस्त केली, जाणकारांनी त्याचं संगीत ऐकलं, आणि ओनिगचं हे काम इतकी वर्षं दुर्लक्षित कसं राहिलं असं ते विचारायला लागले. आता त्याची रेकॉर्ड निघणार होती. आणि रेकॉर्डसाठी गोदाम धुंडाळताना टेपांचे एकाऐवजी दोन संच सापडले होते.

दुसऱ्या संचाची प्रत संस्थेतल्या बाईनं खोरेनच्या मुलीला पाठवली होती. नाझेली शाळेत मुलांना बँड शिकवायची. तिचं नाव त्या बाईला कसं कळलं, हे तिनं जेवताना सांगितलं. डब्यावर वादकांची यादी होती, त्यात ‘क्लॅरिनेट’ या शब्दापुढे खोरेन काझांजियान असं लिहिलेलं, आणि त्या आडनावाचा फोन फ्रेझ्नोत या घरचा एवढाच उरला होता.

“आईनं अजून ऐकलेलं नाही,” नाझेली म्हणाली. “मी एकटीनं ऐकलं, शाळेच्या खोलीत. म्हटलं, सगळे असताना लावू या.”

ओनिगनं रुमालानं तोंड पुसलं. सातेनिगनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता. मग त्यानं नजर खाली केली.

ताटं उचलली गेली. नाझेलीनं टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवला.

आधी व्हायोलिनं आली, खालच्या पट्टीत, लांबच लांब, काही न घडता. सातेनिगला ते ओळखीचं वाटलं, ओनिगच्या सगळ्या संगीतात असं काहीतरी असे. आणि मग त्यावर खोरेन आला.

तिनं त्याला शेवटचं वाजवताना ऐकलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली असतील. पूर्वी समाजाच्या सहलींना, लग्नांना तोच क्लॅरिनेट वाजवी. लोक नाचून दमायचे, घरी निघायचे, आणि त्यानं पुन्हा तोंडाला लावली की गाडीच्या दारातून मागे फिरायचे. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. मामाकडून कानानं शिकलेला. दोन सुरांच्या मधल्या जागा त्याला जणू रस्त्यासारख्या स्वच्छ दिसत. इथे तो सुरावर थेट जातच नव्हता. जरा खाली थांबायचा, थांबूनच राहायचा, आणि ऐकणारा आता याला श्वास पुरणार नाही म्हणेपर्यंत अलगद वर चढायचा. त्यात आईचं अंगाईचं गुणगुणणं होतं, आणि ऑगस्टमधली मळ्यातली दुपार होती, आणि आणखी असं काही, ज्याला सातेनिगकडे शब्द नव्हता.

अराक्सी हात मांडीवर ठेवून बसली होती. रडत नव्हती. दाराबाहेर कुणी ओळखीचं माणूस उभं असावं आणि दार उघडावं की नाही ते ठरत नसावं, तसा तिचा चेहरा होता.

वाजवणं संपलं. टेप चालूच राहिली. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, आणि मग टकटक असा आवाज, एक, दोन, मग खूप. त्यानंतर खोरेनचा तरुण आवाज, घरच्या भाषेत: “दादा, बरं झालं का? परत वाजवू?”

आणि ओनिगचा, दुरून, स्टुडिओतल्या ध्वनिक्षेपकातून आलेला: “नको. राहू दे. याच्यापेक्षा चांगलं आपल्या कुणाच्यानं व्हायचं नाही.”

नाझेलीनं बंद केलं.

“मोठे काका,” ती म्हणाली, “इतकं आवडलं होतं, तर मग सिनेमातून काढलं का?”

आरानं लगेच मध्ये तोंड घातलं. ते सिनेमाच्या कंपनीनं काढलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे, त्या काळी संगीतकाराचं चालायचं कुठे, असं तो म्हणाला. शिवाय सिनेमात जे वाजलं तेच रेकॉर्डवर यायला हवं, लोक सिनेमाचं संगीत विकत घेणार, हे दुसरं फार तर शेवटी जोडावं. तो वाईट मनाचा नव्हता. बापाचं काम सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले होते, आणि जे ठरलेलं आहे ते हलू नये एवढीच त्याची धडपड असे.

नाझेलीनं पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. रेकॉर्डिंगच्या नोंदीची छायाप्रत होती. तिनं एकच ओळ वाचली. क्लॅरिनेटचे सर्व भाग दुसऱ्या वादकाकडून नव्यानं, संगीतकाराच्या सूचनेवरून.

“चूक असेल ती,” आरा म्हणाला. “कारकुनांनी लिहिलेलं असतं. बाबा थकलेत, आपण हे नंतर…”

“आरा, गप्प बस,” ओनिग म्हणाला.

त्यानं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवले.

“कंपनीतल्या कुणाची काही तक्रार नव्हती, अराक्सी. त्यांना आवडलं होतं. मी काढलं.”

तो सांगत गेला. खोरेन तीन दिवसांसाठी स्टुडिओत आला होता, लग्नातला कोट घालून. पहिल्या दिवशी वादकांनी त्याच्या कोटाकडे पाहून एकमेकांना खुणावलं. तिसऱ्या दिवशी हा तुकडा झाला, आणि तेच लोक व्हायोलिनच्या गजांनी समोरच्या स्टँडवर ठोकायला लागले. वादकांची टाळी ती अशी.

“पंधरा वर्षं मी त्या माणसांसमोर उभा राहत होतो. माझ्यासाठी कुणी कधी गज वाजवला नव्हता. मी त्याला गुणगुणून दाखवायचो, आणि तो जे वाजवायचा ते मी गुणगुणलेलं नसायचं. घरी जाऊन मी ते पुन्हा ऐकलं. माझं लिहिलेलं सगळं त्याच्या मागे भुशाच्या पोत्यासारखं पडलं होतं. पडद्यावर नाव माझं येणार होतं. दोन आठवड्यांनी मी दुसरा माणूस बोलावला. त्यानं कागदावर होतं तेवढं वाजवलं, एक सूर चुकला नाही.” ओनिग थांबला. “मग सिनेमा पडला. मला बरं वाटलं होतं. कुणी ऐकणार नाही म्हणून.”

“आणि कंपनीनं काढलं असं त्यांना कुणी सांगितलं?” अराक्सीनं विचारलं.

सातेनिगनं ओनिगकडे पाहिलं.

“मीच,” ओनिग म्हणाला. “फोनवरून.”

हे खोटं होतं. इतकी वर्षं लोटल्यावर, सगळं उघडं पडलं असताना, थोरल्या भावानं तेवढा एक तुकडा आपल्या अंगावर ओढून घेतला होता. सातेनिगनं नुसतं गप्प राहायचं होतं. ते तिला चांगलं जमायचं.

तिला ती फेब्रुवारीतली सकाळ आठवली. मळ्यात छाटणी चालली होती, धुकं होतं. आदल्या दिवशी ओनिग तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता आणि त्यानं तिला सगळं खरं सांगितलं होतं, कारण ओनिग तिला नेहमी खरंच सांगे. तू सांग त्याला, तुझं तो ऐकतो, म्हणाला होता. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली. दोन्ही मुलगे एका टेबलावर जेवताना बघायचे, एवढंच तिचं मागणं होतं. सातेनिगनं बूट चढवले आणि ती वेलींच्या ओळीतून खोरेनपर्यंत गेली. त्यानं कात्री थांबवली नाही. “दादानं काढलं का, ताई?” एवढंच विचारलं. ती म्हणाली, “नाही रे. कंपनीच्या जाणकारांनी काढलं. दादा खूप भांडला त्यांच्याशी.” भांडल्याचं ओनिगनं तिला सांगायला सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या पदरचं घातलं होतं, खोरेनला बरं वाटावं म्हणून. खोरेननं दोन फांद्या छाटल्या. मग म्हणाला, “जाणकार आहेत. त्यांना कळत असणार.”

त्या शनिवारी एका लग्नात तो वाजवून आला. त्यानंतर त्यानं कुणाचं बोलावणं घेतलं नाही. आई एप्रिलमध्ये गेली. ईस्टरला दोघे भाऊ तिच्या पलंगापाशी जेवले होते, शेजारी शेजारी बसून. आईनंतर सातेनिगला खरं सांगता आलं असतं. पहिल्या वर्षी सांगता आलं असतं, दहाव्या वर्षी सांगता आलं असतं. दर वेळी वाटे की आता जमलेलं आहे, कशाला ढवळा.

अराक्सी उठली आणि टेबलाला वळसा घालून आली. ओनिगकडे तिनं पाहिलं नाही. ती सातेनिगच्या शेजारी बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला.

“ताई,” ती म्हणाली, “मला नेहमी वाटायचं की यात काहीतरी आहे. दादांना विचारायची सोय नव्हती. या घरात माझ्या नवऱ्याच्या बाजूनं तुम्ही एकट्याच होतात. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाले होते, ताई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही.”

सातेनिगला हात काढून घ्यावा असं वाटलं, पण अराक्सीनं तो घट्ट धरला होता.

“फोन नव्हता केला,” सातेनिग म्हणाली. “ओनिग मला सांभाळून घेतोय. मी सांगितलं खोरेनला. मळ्यात जाऊन सांगितलं.”

“सातेनिग,” ओनिग म्हणाला.

“त्यानं सरळ विचारलं होतं मला, दादानं काढलं का म्हणून. मी नाही म्हटलं. मला माहीत होतं, तरी नाही म्हटलं. जाणकारांनी काढलं म्हणाले. हे दोघे तुटू नयेत, एवढंच डोक्यात होतं.”

अराक्सीनं हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, आणि स्वतःचे दोन्ही हात पुन्हा मांडीवर ठेवले.

“तुटले असते,” अराक्सी म्हणाली. “भांडले असते, वर्षभर तोंड पाहिलं नसतं. मळ्यात मोठमोठ्यानं शिव्या दिल्या असत्या त्यांनी दादांना. आणि रागानं वाजवलं असतं. मी ओळखत होते ना माझ्या नवऱ्याला. दादानं जळून काढलं असं तुम्ही सांगितलं असतंत, तर त्या रागावर ते आणखी वीस वर्षं वाजवत राहिले असते.”

मग ती सातेनिगकडे वळली.

“नाझेलीच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. म्हटलं, एक वाजवा, पोरीसाठी. म्हणाले, ज्यांना कळतं त्यांनी ऐकून नको म्हटलंय, अराक्सी, आता लोकांपुढे कशाला हसं करून घेऊ. आणि तुम्ही त्या वेळी माझ्या शेजारी बसला होतात. ऐकत होतात. माझी समजूत काढलीत, म्हणालात, जाऊ दे, नको आग्रह करूस.”

“हो,” सातेनिग म्हणाली. तिला तो टेबलक्लॉथसुद्धा आठवत होता.

नाझेली खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. बाहेर वेलींच्या ओळींमध्ये द्राक्षं वाळवायचे कागदाचे ताव अंथरायला अजून दोन आठवडे होते. मागे न वळता ती म्हणाली, की बाबा तिच्या शाळेच्या एकूण एक कार्यक्रमाला यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. ती क्लॅरिनेट शिकायला लागली तेव्हा तीन वर्षं तिची फुंक चुकत होती, ओठांची पकड चुकत होती. त्यांनी ते ऐकलं असणार, त्यांना कळलं असणार, पण एका शब्दानं सांगितलं नाही. तिला वाटायचं, बाबांना यातलं काही समजत नाही. तसं ती एकदा त्यांना म्हणालीही होती.

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि आरा उठून तिच्याजवळ गेला. लहानपणी उन्हाळ्यात तो इथेच राहायचा, खोरेनकाकाच्या ट्रॅक्टरवर बसायचा. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळून बापाला म्हणाला, की रेकॉर्डवर काकाच वाजेल. सिनेमात वाजलेला संच द्यायचाच नाही. संस्थेला तो स्वतः कळवेल.

ओनिगनं मान डोलावली. सोबत छापायच्या पुस्तिकेत जे खरं ते लिहा, कारणासकट लिहा, आणि मुखपृष्ठावर दोन नावं टाका, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं अराक्सीकडे पाहिलं. ती त्याला काही म्हणेल अशी त्याची अपेक्षा असावी, निदान रागानं. अराक्सी उठली, बुलगूर आणि गुंडाळ्या डब्यात भरल्या, झाकण दाबून लावलं आणि डबा त्याच्यासमोर ठेवला. वाटेत भूक लागेल, चार तासांचा रस्ता आहे, म्हणाली. एवढंच. पण पाहुण्याशी बोलायचा सूर त्यात नव्हता, आणि ओनिगनं डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सातेनिगसाठी डबा भरला गेला नाही. ती म्हणाली, “पुस्तिकेत माझंही नाव घाला. मी काय सांगितलं ते.”

“तिथे कशाला?” अराक्सी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. आता मात्र तिनं ताई म्हटलं नाही. “ती वाचणारे कोण लोक, त्यांना तुमच्याशी काय करायचंय? ज्याला सांगायचं त्याला सांगा. उद्या सकाळी सातला येते न्यायला. ऊन चढायच्या आत.”

ती खरोखरच सातला आली. कब्रस्तानात पाणी सोडणारी यंत्रं नुकतीच बंद झाली होती, गवत ओलं होतं, आणि सातेनिगचे बूट भिजले. या घराण्यातली सगळी माणसं एका ओळीत होती: वडील, आई, तिचा नवरा गाराबेद, आणि टोकाला खोरेन. त्याच्या दगडावर नाव आणि दोन तारखा होत्या, आणि द्राक्षाचा एक घड कोरलेला. बाकी काही नाही.

अराक्सी चार पावलं मागे थांबली, हातातली पर्स पोटाशी धरून.

सातेनिगनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. आईचं आजारपण, ओनिगची भीती, स्वतःची भीती, सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. दगडासमोर उभं राहिल्यावर त्यातलं एकही आठवेना. ज्यानं एकच प्रश्न विचारला होता, त्याला एकच उत्तर देणं होतं.

“खोरेन,” ती म्हणाली, “दादानंच काढलं होतं. तू चांगलं वाजवलंस म्हणून काढलं.”

तिचा आवाज तिचा तिलाही नीट ऐकू आला नाही. मागून ओल्या गवतावर पावलं वाजली. अराक्सी जवळ आली होती, पण पाहत होती दगडाकडे.

“मोठ्यानं सांगा,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं.”

सातेनिगनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.